चालू कॉम्प्युटर केव्हीएम स्विचला जोडल्यावर माउस गेला? तो परत आणायची रीत

दोन-चार कॉम्प्युटरांना मिळून एकच कीबोर्ड, एकच माउस आणि एकच मॉनिटर वापरायचा तर मधे केव्हीएम स्विच लागतो. स्विच नवा आणला, की बंद न करता येणाऱ्या मशीनची वायर काढून त्यात खोचली जाते आणि लगेच तक्रार येते: चित्र दिसतंय, कीबोर्ड चालतोय, माउस मात्र गेला. पॉइंटर जागच्या जागी गोठतो, नाहीतर कोपऱ्यात धाव घेतो आणि वाटेत दिसेल ते उघडत सुटतो.

अशा वेळी बहुधा माउस बिघडलेला नसतो आणि पोर्टही जळलेलं नसतं. मशीन सुरू होताना माउस आणि ड्रायव्हर (मशीनमधला, माउस सांभाळणारा प्रोग्रॅम) यांच्यात जी बोलाचाली होते, ती स्विचने ऐकलेली नसते. ती पुन्हा घडवून आणायची, एवढंच काम आहे. खालचे उपाय त्याचेच वेगवेगळे मार्ग आहेत आणि सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. रीस्टार्ट शेवटी येतो.

सगळ्यात आधी: माउस सोडा, स्क्रीन लॉक करा

पॉइंटर उड्या मारत असेल तर माउसवरचा हात काढा. अशा अवस्थेत माउस हलवला तर मशीनला खरोखर क्लिक झाल्याचे संदेश जातात. फायली सरकतात, खिडक्या बंद होतात, कधी भलत्याच प्रश्नाला ‘होय’ असं उत्तर जातं. कीबोर्डवरून कंट्रोल-एस दाबून काम जतन करा आणि विंडोज-एल दाबून स्क्रीन लॉक करा. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवरही हीच बटणं चालतात. लॉक स्क्रीनवर भलते क्लिक पडले तरी नुकसान होत नाही, त्यामुळे पुढचे पहिले तीन उपाय लॉक असतानाच करून पाहावेत. ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

मग लक्षण नीट बघा. पॉइंटर अजिबात हलत नाही, की हलतो पण सैरावैरा? की पॉइंटर ठीक आहे आणि फक्त चाक चालत नाही? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

नेमकं काय घडतं

गोल, सहा पिनांचं पीएस/२ पोर्ट आयबीएमने १९८७ साली आणलं. माउसचं हिरवं, कीबोर्डचं जांभळं. जुने सर्व्हर, कारखान्यांतली मशीनं आणि कॉलेजांच्या लॅब इथे ते अजून भेटतं आणि या तक्रारीचं मूळ घर तेच आहे. चालू मशीनला उपकरण जोडायचं, हा विचार या पोर्टच्या रचनेत नव्हताच.

पीएस/२ माउसला वीज मिळाली की तो अर्ध्या सेकंदाच्या आत स्वतःची तपासणी करतो आणि ‘मी ठीक आहे’ असा एक बाइट (आठ बिटांचा, म्हणजे आठ शून्य-एकांचा आकडा) व त्यामागे आपला ओळख क्रमांक, म्हणजे शून्य, पाठवतो. त्यानंतर तो गप्प बसतो. ड्रायव्हरने ‘आता हालचाल कळवायला लाग’ असा हुकूम दिल्याशिवाय तो एक बाइटही पाठवत नाही. गोठलेल्या पॉइंटरचं हे पहिलं कारण: स्विचमुळे माउस नव्याने सुरू झाला, पण मशीनला ते कळलंच नाही, म्हणून हुकूम गेला नाही.

उड्या मारणाऱ्या पॉइंटरचं कारण जरा खोल आहे. साधा पीएस/२ माउस प्रत्येक हालचालीला तीन बाइट पाठवतो: पहिल्यात बटणं आणि दिशांच्या खुणा, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. चाक आल्यावर चौथा बाइट लागला. चाक आहे का, हे ओळखायला ड्रायव्हर माउसला नमुन्यांचा वेग, म्हणजे सेकंदाला किती वेळा हालचाल कळवायची तो आकडा, आधी २००, मग १००, मग ८० ठेवायला सांगतो आणि लगेच ओळख क्रमांक विचारतो. चाकवाला माउस ही खूण ओळखतो, शून्याऐवजी तीन असं उत्तर देतो आणि तिथून पुढे चार-चार बाइट पाठवू लागतो.

आता चालू मशीनची वायर स्विचमध्ये गेली. ही खूण जुन्या जोडणीत होऊन गेलेली आहे, स्विचला तिचा पत्ता नाही. तो आपला तीन बाइट पाठवतो आणि ड्रायव्हर चार मोजतो. दुसऱ्या हालचालीचा पहिला बाइट चाकाच्या जागी पडतो, तिची आडवी हालचाल बटणांच्या जागी, आणि घसरण पुढे चालूच राहते. पहिल्या बाइटमधला चौथा बिट नेहमी १ असतो, त्यावरून ड्रायव्हर चूक पकडायचा प्रयत्न करतो. पण माउस एक घर डावीकडे सरकला तर आडव्या हालचालीचा आकडा २५५ होतो, म्हणजे आठही बिट १. ही तपासणी तो सहज पार करतो आणि मशीनला वाटतं तिन्ही बटणं एकदम दाबली गेली. उजवीकडे नऊ घरं सरकला तरी डावं बटण दाबल्यासारखं दिसतं. पॉइंटर ‘वेडा’ होतो तो असा.

उलटही घडतं. स्विच चार बाइट पाठवत असतो आणि त्या एका मशीनचा ड्रायव्हर तीनच मोजत असतो. म्हणून एका मशीनवर माउस सुरळीत आणि बटण दाबून दुसऱ्यावर गेलं की धुमाकूळ, असं दिसलं तर माउस बदलायला धावू नका.

उपाय एक ते तीन: मशीनला हात न लावता

१. स्विचवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जा, पाच सेकंद थांबा, परत या. काही स्विच प्रत्येक बदलाला माउसची मांडणी नव्याने करतात, त्यांच्यात एवढंच पुरतं. पोर्ट बदलत असताना माउस हलवू नका आणि बटण दाबून धरू नका. हालचालीच्या मधेच जोडणी तुटली तर बाइटांची मोजणी तिथेच घसरते आणि चांगली चाललेली जोडणीही बिघडते.

२. माउस स्विचच्या कन्सोलच्या, म्हणजे कीबोर्ड-माउस जिथे लावतो त्या पोर्टमधून काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. कॉम्प्युटरच्या मागची वायर ओढू नका. बहुतेक स्विचचं कन्सोल पोर्ट चालू असताना काढ-घाल सहन करण्यासाठीच बनवलेलं असतं, जुन्या मदरबोर्डचं तसं नसतं. माउस परत लागला की स्विच त्याला रीसेट करतो आणि पुष्कळ स्विच ती बातमी मशीनपर्यंत पोचवतात. विंडोजचा पीएस/२ ड्रायव्हर अशा बातमीवर लक्ष ठेवून असतो. ‘मी ठीक आहे’ आणि शून्य, ही जोडी दिसली की तो सगळी बोलाचाली पुन्हा करतो.

३. स्विचचा स्वतःचा माउस रीसेट वापरा. बऱ्याच स्विचमध्ये तो हॉटकीवर, म्हणजे कीबोर्डवरून स्विचला हुकूम देणाऱ्या ठरावीक बटणांवर, असतो आणि मॅन्युअलच्या हॉटकीच्या तक्त्यात मिळतो. हॉटकीची सुरुवात दोनदा स्क्रोल लॉक, दोनदा कंट्रोल किंवा नम लॉक आणि वजा अशी कंपनीगणिक बदलते. उदाहरणार्थ, एटेन कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत नम लॉक दाबून धरायचं, वजाचं बटण दाबून सोडायचं, मग नम लॉक सोडायचं. कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे आळीपाळीने लुकलुकू लागले की स्विच हुकूम घ्यायला तयार असतो. त्यानंतर एफ५ दाबलं की यूएसबी कीबोर्ड आणि माउस रीसेट होतात. एस्केपने बाहेर पडता येतं. कीबोर्डवर स्क्रोल लॉक नसेल, आणि लहान कीबोर्डांवर ते नसतंच, तर आधी पूर्ण आकाराचा कीबोर्ड लावा. हॉटकी चालत नाही या तक्रारीमागे पुष्कळदा तेवढंच कारण असतं.

स्विचचा अडॅप्टर काढून परत लावणं हा चौथा उपाय म्हणून बरेच जण सुचवतात. तो टाळा. स्विचची वीज गेली की त्याला जोडलेल्या सगळ्याच मशीनांच्या जोडण्यांची स्थिती पुसली जाऊ शकते. एका मशीनचा माउस आणायला गेलात तर उरलेल्या तीन मशीनांचाही जाऊ शकतो. शिवाय पुष्कळ छोटे स्विच कॉम्प्युटरच्या पोर्टवरूनही वीज घेतात, त्यामुळे अडॅप्टर काढूनही ते पूर्ण बंद होत नाहीत.

विंडोजमध्ये, फक्त कीबोर्डने

वरच्या तिन्ही उपायांनी काम झालं नाही तर आता मशीनच्या बाजूने बोलाचाली सुरू करायची. आधी हाताशी पॉइंटर हवा असेल तर डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा आणि आलेल्या प्रश्नाला एंटर द्या. आता उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ४, ६, ८, २ ने पॉइंटर सरकतो, ५ ने क्लिक होतो आणि अधिकच्या बटणाने डबल क्लिक. तुमच्या स्विचची हॉटकी नम लॉकवर असेल तर दोन्हींची गल्लत होऊ शकते. तशा ठिकाणी हा मार्ग सोडून सरळ टॅब आणि बाणांवर काम करा.

डेस्कटॉप असेल तर सगळ्यात जलद इलाज म्हणजे स्लीप. विंडोज-एक्स, मग यू, मग एस. स्क्रीन काळी झाल्यावर दहा सेकंद थांबा आणि कीबोर्डने किंवा पॉवरच्या बटणाने जागं करा. जागं होताना ड्रायव्हर पीएस/२ पोर्टवरच्या उपकरणाची मांडणी पहिल्यापासून करतो. उघडे प्रोग्रॅम तसेच राहतात, पण नेटवर्कवर चाललेली कॉपी किंवा डेटाबेसची जोडणी तुटू शकते, तेव्हा तसं काही चालू नाही ना, हे आधी पाहा.

दुसरा मार्ग डिव्हाइस मॅनेजरचा. विंडोज-एक्स, मग एम. टॅबने यादीत शिरा, बाणांनी माउस आणि इतर पॉइंटिंग उपकरणांच्या गटावर या, उजव्या बाणाने तो उघडा आणि पीएस/२ माउसच्या ओळीवर थांबा. डिलीट दाबून तो काढा आणि आल्ट-ए ने अॅक्शनच्या मेन्यूतून हार्डवेअरमधले बदल शोधायला सांगा. पीएस/२च्या बाबतीत विंडोज इथे अनेकदा रीस्टार्ट मागतो. तो लगेच दिलाच पाहिजे असं नाही, पण मग माउस तोवर येणार नाही.

मशीन सर्व्हर असेल तर यातलं काही करण्यापूर्वी एक सोपी वाट आहे. रिमोट डेस्कटॉप चालू असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरा. तिथला पॉइंटर त्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या माउसवर चालतो, सर्व्हरच्या पीएस/२ पोर्टशी त्याचा संबंध नसतो. किंवा सर्व्हरच्या मोकळ्या यूएसबी पोर्टला साधा यूएसबी माउस थेट लावा. यूएसबी चालू मशीनला जोडण्यासाठीच बनलं आहे, काही सेकंदांत पॉइंटर हातात येतो. पीएस/२चा प्रश्न मग पुढच्या देखभालीच्या वेळेपर्यंत ठेवता येतो.

लिनक्समध्ये

लिनक्समधला पीएस/२ माउसचा ड्रायव्हर, नाव पीएसमाउस, या बाबतीत बराच सावध आहे. लागोपाठ पाच वेळा बाइटांचे चुकीचे गठ्ठे आले की तो माउसला आपणहून रीसेट करून पाहतो. म्हणून लॉक स्क्रीनवर माउस दहा-पंधरा सेकंद गोल-गोल फिरवल्याने कधी कधी सगळं जागेवर येतं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत ताळमेळ सुटला आणि इतके बाइट टाकून दिले, अशा अर्थाची ओळ दिसली तर निदान पक्कं समजा: तीन आणि चार बाइटांचाच घोळ आहे.

आपणहून सुधारला नाही तर टर्मिनलमधून रूटच्या (मुख्य वापरकर्त्याच्या) अधिकाराने मॉडप्रोब या ड्रायव्हर चढवण्या-उतरवण्याच्या हुकमाला ‘आर’ हा पर्याय देऊन पीएसमाउस उतरवा आणि पुन्हा मॉडप्रोबनेच चढवा. चढताना ड्रायव्हर ओळखीची सगळी खूण नव्याने करतो. काही वितरणांत हा ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असतो, तिथे उतरवता येत नाही. अशा वेळी सिस-फाइलव्यवस्थेत (/sys) सीरिओ (serio) उपकरणांची यादी उघडा. ज्याच्या वर्णनात ‘ऑक्स पोर्ट’ असं आहे ते माउसचं. त्याच्या drvctl नावाच्या फाइलमध्ये ‘रीकनेक्ट’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला की नेमकं तेवढंच उपकरण पुन्हा जोडलं जातं. सुरू होताना माउस जोडलेलाच नव्हता अशा मशीनला ‘रीस्कॅन’ लागतं.

जुन्या, २.४ पिढीतल्या कर्नलवर माउसची भाषा एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम) स्वतः बोलत असे. तिथे कंट्रोल-आल्ट-एफ१ ने मजकुराच्या कन्सोलवर जाऊन आल्ट-एफ७ ने परत आलं की माउस सुधारायचा. आजच्या कर्नलवर हे करून काही होत नाही.

स्विच चाकाला समजूनच घेत नसेल तर

काही जुने स्विच चार बाइटांची भाषा धड पुढे नेत नाहीत. तिथे वरचे उपाय तात्पुरते ठरतात आणि दर दोन दिवसांनी तीच कथा होते. मग ड्रायव्हरलाच तीन बाइटांवर बांधून टाका. विंडोजमध्ये पीएस/२ माउसच्या गुणधर्मांत प्रगत मांडणीचं पान असतं. तिथे चाक शोधण्याच्या ओळीत तीन पर्याय असतात: शोध बंद, चाक शोधा, चाक आहेच असं धरा. शोध बंद करा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. ‘आहेच असं धरा’ हा पर्याय इथे मोहात पाडतो, पण स्विचने तीन बाइट पाठवले की नेमका तोच पॉइंटर उडवतो. लिनक्समध्ये पीएसमाउसचा ‘प्रोटो’ हा पर्याय ‘बेअर’ ठेवला की तोच परिणाम होतो; चाक हवं असेल आणि स्विचला ते झेपत असेल तर ‘आयएमपीएस’ ठेवा.

चाक जाईल, हे खरं आहे. पण दिवसातून चारदा बघितल्या जाणाऱ्या सर्व्हरला चाकापेक्षा भरवशाचा पॉइंटर जास्त मोलाचा आहे. माउस कंपनीची खास बटणांची सॉफ्टवेअरंही अशा मशीनांवरून काढून टाका. ती माउसशी आपल्याच बोलीत बोलतात आणि स्विचला ती बोली येत नाही.

यूएसबी स्विच असेल तर

इथे बाइटांचा घोळ नसतो, तक्रारी वेगळ्या असतात. पहिल्यांदा जोडल्यावर अर्धा मिनिट थांबा, ड्रायव्हर बसायला तेवढा वेळ लागू शकतो. तरी माउस आला नाही तर स्विचवर दोन प्रकारची पोर्टं आहेत का ते बघा. कीबोर्ड-माउसच्या चित्राचं पोर्ट बहुधा इम्युलेशनचं असतं, म्हणजे तिथे स्विच स्वतः माउस असल्याचं सोंग घेऊन मशीनशी बोलतो. जास्त बटणांचे गेमिंग माउस आणि एकाच रिसीव्हरवर चालणारे बिनतारी कीबोर्ड-माउस यांच्याशी त्याचं अनेकदा जमत नाही. असा माउस स्विचमधल्या यूएसबी हबच्या (एका जोडणीतून अनेक पोर्टं देणाऱ्या भागाच्या) साध्या पोर्टला लावा. हबमधून गेलेलं उपकरण मशीनला जसंच्या तसं दिसतं. मात्र मग प्रत्येक बदलाला ते काढून-लावल्यासारखं होतं आणि एक-दोन सेकंद जातात. इम्युलेशन बंद करायची सोय असेल तर तेही करून पाहण्यासारखं आहे.

वीज हेही मोठं कारण. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, आणि मशीनच्या विजेवरच चालणारा हब प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो. झगमगते दिवे असलेल्या माउसचं त्यात भागत नाही, तो लागतो आणि लगेच सुटतो. स्विचचा अडॅप्टर लावा. केबल पाच मीटरच्या आत ठेवा.

विंडोजमध्ये रूट हबच्या, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या मूळ यूएसबी हबच्या, गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी दिलेली असते, ती काढा. पण रूट हबच ‘डिसेबल’ करून पुन्हा चालू करायचा सल्ला स्विचवरून बसून पाळू नका. कीबोर्डही त्याच हबवर असतो. डिसेबल केल्या क्षणी तोही जाईल आणि परत चालू करायला हातात काही उरणार नाही.

हिरव्या छोट्या अडॅप्टरबद्दलही सांगायला हवं. यूएसबी माउस पीएस/२ पोर्टला लावणारा तो तुकडा नुसत्या तारा जोडतो. माउसला दोन्ही भाषा येत असतील तरच तो चालतो. उलट बाजूने, म्हणजे पीएस/२ स्विच यूएसबीवाल्या मशीनला जोडायला, आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो.

पुढच्या वेळी जोडताना

पीएस/२ असेल तर मशीन बंद करूनच जोडा. चालू असताना घातलेल्या पिना तिरक्या बसल्या आणि पाच व्होल्टची तार जमिनीच्या तारेला लागली तर मदरबोर्डवरचा फ्यूज उडतो. जुन्या बोर्डांवर तो आपोआप जुळत नाही आणि मग कीबोर्ड आणि माउस दोन्ही कायमचे जातात. क्रम असा: मशीनं बंद, सगळ्या केबल जोडा, स्विचला वीज द्या, मॉनिटर लावा, मग कॉम्प्युटर एकेक करून सुरू करा. प्रत्येक सुरू होताना स्विच त्याच्यावरच ठेवा आणि डेस्कटॉप येईपर्यंत बदलू नका.

लोडशेडिंगच्या गावांत एक काळजी जास्तीची. वीज परत आली की स्विच आणि मशीनं एकाच क्षणी जागी होतात, स्विच तयार होण्याआधी बायॉस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) कीबोर्ड-माउस शोधून मोकळं होतं, आणि मशीन कीबोर्ड नसल्याचा संदेश देऊन एफ१ ची वाट बघत थांबतं किंवा माउसविना सुरू होतं. स्विचचा अडॅप्टर कॉम्प्युटरांच्याच यूपीएसवर घ्या. आपोआप सुरू होणारी मशीनं बायॉसमध्ये थोड्या उशिराने उठवता येत असतील तर तेही करा, आणि कीबोर्ड नसल्यास थांबायची मांडणी बंद ठेवा.